पुढील आसनावरील मूल आणि एअरबॅग

इसवी सन १९५२ मधील वसंत ऋतूतील ही गोष्ट आहे. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात राहणारे जॉन हेट्रिक हे गृहस्थ पत्नी व लहान कन्या यांच्यासह मोटारीतून फिरावयास निघाले होते. कन्या पुढील आसनावर आईवडिलांच्या मध्ये बसली होती. एक चढ ओलांडताच वाटेत मोठा दगड दिसला. हेट्रिक यांनी गाडी एकदम बाजूला घेतली, करकचून ब्रेक लावला आणि गाडी रस्त्याकडेच्या चरात उतरली. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही. परंतु त्या क्षणी आपण व आपली पत्नी, दोघांनीही नकळत हात आडवे केले होते, मुलीचे डोके समोरच्या डॅशबोर्डवर आपटू नये म्हणून, ही गोष्ट हेट्रिक यांच्या मनातून जाईना. आडव्या केलेल्या हाताचे काम एखादे साधन करू शकेल काय, असा विचार करीत त्यांनी घरी आल्यावर आकृत्या काढावयास आरंभ केला. युद्धकाळात नौदलात असताना टॉर्पेडोतील दाबलेली हवा अचानक सुटून त्यावरील कॅनव्हासचे आच्छादन क्षणार्धात छताला भिडलेले त्यांनी पाहिले होते. तीच कल्पना येथे उपयोगी पडली. ऑगस्ट १९५३ मध्ये त्यांना ‘सुरक्षा-उशी’चे पेटंट मिळाले. जर्मनीत वाल्टर लिंडरर यांनीही १९५१ मध्ये अशाच साधनासाठी अर्ज केला होता. त्यांचे पेटंटही १९५३ मध्येच मंजूर झाले.

आज ज्याला सर्वत्र एअरबॅग म्हणतात त्या साधनाचा हा उगम. पुढील आसनावरील एका मुलीला वाचविण्याच्या इच्छेतून ते जन्मास आले. आणि त्याच साधनाने पुढे काही वर्षे, पुढील आसनावर बसलेल्या मुलांचेच प्राण घेतले. हा दैवाचा खेळ नव्हे. मापन कोणाच्या शरीराचे केले आणि कोणाच्या शरीराचे करावयाचे राहिले, याचा तो सरळ परिणाम होता. म्हणूनच मूल पुढे बसणार असेल तर एअरबॅग बंद करावी की नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम ते साधन कसे चालते हे पाहावे लागते.

एअरबॅग ही नावाप्रमाणे हवेची मऊ पिशवी आहे, अशी सर्वसामान्य समजूत असते. ती मऊ असते खरी, पण भरून झाल्यावर. त्याआधीची स्थिती फार वेगळी असते. गाडी जोराने आदळली की संवेदक एका सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागात आघाताची तीव्रता ओळखतो. लगेच एक रासायनिक द्रव्य पेटते. पूर्वी त्यासाठी सोडियम अझाइड वापरीत, हल्ली बहुधा दुसरी द्रव्ये वापरतात. त्यातून निघालेला वायू घडी घातलेल्या पिशवीत घुसतो, डॅशबोर्डवरील झाकण फोडून पिशवी बाहेर येते आणि आघातापासून सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत ती पूर्ण फुगते. पापणी लवण्याच्या आतच हे सारे घडून जाते. बाहेर पडताना पिशवीच्या अग्रभागाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात असू शकतो. पट्टा बांधलेला प्रौढ मनुष्य पुढे झुकत तिच्याशी भेटतो तेव्हा ती भरलेली असते, आणि मागच्या छिद्रांतून वायू सोडीत हळूहळू बसत असते. ही भेट योग्य वेळी व योग्य अंतरावर झाली तरच पिशवी ही उशी ठरते. अंतर कमी असेल तर ती उशी नव्हे, तो ठोसा असतो.

आता याच जागी लहान मूल आहे असे समजावे. अर्भकासाठी जे आसन वापरतात त्यात बाळाचे तोंड गाडीच्या मागील बाजूस असते. असे आसन पुढे ठेवले की त्याची पाठ, म्हणजेच बाळाच्या डोक्यामागचा भाग, एअरबॅगच्या झाकणापासून केवळ काही इंच अंतरावर येतो. पिशवी फुटून बाहेर येते ती थेट त्या पाठीवर. नवजात बालकाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. मान कोवळी आणि मणके अद्याप पूर्ण अस्थिरूप झालेले नसतात. त्या मानेला हा आघात सोसत नाही. थोडे मोठे मूल, पट्टा न बांधता पुढे बसलेले किंवा उभे राहिलेले, याची गत निराळी दिसली तरी तत्त्व तेच असते. धडकेपूर्वी चालक ब्रेक दाबतो, त्या झटक्यानेच मूल पुढे सरकून डॅशबोर्डला टेकते, आणि पिशवी उघडते तेव्हा त्याचा चेहरा व मान नेमकी झाकणापाशी असतात. एअरबॅग उघडण्यास फार मोठा अपघात लागत नाही. ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने भिंतीवर आदळण्याइतका आघातही अनेकदा पुरेसा होतो. म्हणूनच ज्या अपघातात मोठ्या माणसांना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, त्यात मूल दगावले अशा घटना घडल्या.

हा धोका कोणाच्याच ध्यानात आला नव्हता असे म्हणता येणार नाही. स्वीडनचे बर्टिल आल्डमन यांनी अंतराळवीरांच्या आसनांवरून स्फूर्ती घेऊन साठच्या दशकात मागे तोंड असलेले बालकांचे आसन तयार केले होते. अंतराळवीर पाठीवर टेकून वेगवृद्धीचा भार साऱ्या पाठीवर विभागून घेतो. बाळाचेही तसेच व्हावे, ही त्यामागची युक्ती. याच आल्डमन यांनी सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये, उभ्या असलेल्या मुलावर एअरबॅग उघडल्यास काय होऊ शकेल, याविषयी एक निबंध सादर केला. म्हणजे एअरबॅग असलेल्या गाड्या अमेरिकेत विक्रीस येऊन जेमतेम एक वर्ष झाले होते, तेव्हाच प्रश्न विचारला गेला होता. परंतु विद्वानांच्या परिषदेत विचारलेला प्रश्न आणि कारखान्यातील मोजपट्टी यांच्यामध्ये पुष्कळदा मोठे अंतर असते.

अमेरिकेत ती मोजपट्टी शासनाने ठरविली होती. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी तेथे पट्टा बांधणारे लोक थोडे होते. त्यामुळे नियमाची अट अशी घालण्यात आली की, ताशी तीस मैल, म्हणजे सुमारे अठ्ठेचाळीस किलोमीटर वेगाने गाडी अडथळ्यावर आदळली असता, पट्टा न बांधलेला मध्यम बांध्याचा प्रौढ पुरुषही वाचला पाहिजे. चाचणीसाठी पुतळा वापरला तोही तशाच पुरुषाचा. इतक्या मोठ्या देहाला इतक्या थोड्या अंतरात थोपवावयाचे तर पिशवी मोठी आणि तिचा जोर दांडगा असणे ओघानेच आले. मुलाचा पुतळा त्या सक्तीच्या चाचणीत नव्हता. १९९१ च्या कायद्याने एअरबॅग सर्व मोटारींना बंधनकारक करण्याचे ठरले, नव्वदच्या दशकात उजव्या बाजूच्या म्हणजे प्रवाशाच्या एअरबॅगची संख्या वाढू लागली, आणि मुलांच्या मृत्यूच्या वार्ता येऊ लागल्या. नोव्हेंबर १९९५ मध्ये तेथील रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकाने अशा मृत्यूंची नोंद घेऊन पालकांना जाहीर इशारा दिला.

येथे आकडे दोन्ही बाजूंचे सांगितले पाहिजेत, नाहीतर विचार एकांगी होईल. १९९० ते २००८ या काळात अमेरिकेत कमी वेगाच्या अपघातांत पुढील एअरबॅग उघडल्यामुळे २९० हून अधिक माणसे मेली, असे तेथील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाचे अनुमान आहे. त्यांतील सुमारे नव्वद टक्के मृत्यू १९९८ पूर्वी बनलेल्या गाड्यांत झाले. मृतांत प्रवाशांची संख्या अधिक होती आणि त्या प्रवाशांत बहुतेक सारी मुले व अर्भके होती. उलट याच प्रशासनाच्या गणनेनुसार १९८७ ते २०१७ या काळात पुढील एअरबॅगमुळे ५०,४५७ जीव वाचले. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कोणी म्हणेल, हिशेब तर उघड आहे. पन्नास हजारांपुढे तीनशेंची काय कथा? पण हा हिशेब फसवा आहे. वाचलेली माणसे बहुतांशी प्रौढ होती आणि मेलेल्या प्रवाशांत बहुतांशी मुले होती. एकाचा लाभ दुसऱ्याच्या हानीतून वजा करणे हे वाण्याच्या वहीत चालेल, सार्वजनिक सुरक्षेच्या विचारात चालणार नाही. शिवाय मुलांची ही हानी टाळण्यासाठी प्रौढांचा लाभ सोडावा लागत होता, असेही नव्हे.

तसे पाहता अमेरिकेत १९९६ आणि १९९७ या दोन वर्षांत याच मुद्द्यावर मोठा खल झाला. भयभीत पालकांना एअरबॅग काढूनच टाकावयाची होती. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, एकदा काढलेली पिशवी कोणी परत बसविणार नाही, आणि ती गाडी पुढे दुसऱ्याने विकत घेतली तर त्या बिचाऱ्याला आपण कशाविना बसलो आहोत याचा पत्ताही लागणार नाही. दोन्ही भये खरी होती. शेवटी नोव्हेंबर १९९७ मध्ये शासनाने मधला मार्ग काढला आणि १९ जानेवारी १९९८ पासून तो अमलात आला. पिशवी काढावयाची नाही, पण ठरावीक कारणे असलेल्या मालकाने अर्ज करून परवानगी घेतल्यास किल्लीने चालणारा बंद-चालू स्विच बसवून घेता येईल. ज्यांच्या गाडीला मागचे आसनच नाही, ज्यांच्या बाळाला आजारामुळे सतत डोळ्यांसमोर ठेवावे लागते, अशांचा त्या कारणांत समावेश होता. एअरबॅग बंद असताना तसे दर्शविणारा दिवा लागला पाहिजे, अशीही अट होती. पिशव्यांचा जोर कमी करण्यास त्याच वर्षी मोकळीक मिळाली होती. पुढे मे २००० मध्ये नवा नियम आला, त्यात प्रथमच एक वर्षाच्या, तीन वर्षांच्या व सहा वर्षांच्या मुलांचे आणि लहान चणीच्या स्त्रीचे पुतळे चाचणीत आले. आसनावर कोण बसले आहे हे ओळखून आपोआप बंद होणारी किंवा मंद जोराने उघडणारी एअरबॅग ही त्या नियमाचे फळ. मोजपट्टी बदलताच साधन बदलले. त्यासाठी इतकी वर्षे आणि इतकी मुले खर्ची पडावयास नको होती.

युरोपाने दुसरी वाट धरली. तेथील सक्तीच्या समोरासमोरच्या धडकेच्या चाचणीत पुढे दोन प्रौढांचेच पुतळे, पट्टे बांधून बसविलेले असतात. पुढे मूल बसले आहे हे एअरबॅगने स्वतः ओळखावे, अशी अपेक्षा ही चाचणी करीत नाही. ते काम माणसावर सोपविलेले आहे. परंतु सोपविताना कायद्याने स्पष्ट बजाविले: २००३ च्या निर्देशानुसार, समोरची एअरबॅग चालू असलेल्या जागी मागे तोंड असलेले बालकाचे आसन ठेवण्यास मनाई आहे; एअरबॅग बंद केली, मग ती हाताने असो वा आपोआप, तरच ते तेथे ठेवता येते. स्वीडनमध्ये तर चार वर्षांपर्यंतची मुले मागे तोंड करून, पुष्कळदा पुढील आसनावर, एअरबॅग बंद ठेवून प्रवास करतात, आणि त्या देशात मोटारींतील बालमृत्यूंचे प्रमाण फार थोडे आहे. म्हणजे पुढचे आसन हेच मूळ पाप नव्हे. चालू एअरबॅग आणि तिच्या तोंडाशी असलेले मूल, ही जोडी घातक आहे.

भारतात एअरबॅगचा प्रसार फार अलीकडचा आणि फार वेगाने झालेला आहे. चालकाच्या बाजूची एअरबॅग जुलै २०१९ पासून बंधनकारक झाली. शेजारच्या प्रवाशाची एअरबॅग १ एप्रिल २०२१ पासून नव्या प्रकारच्या गाड्यांना, व त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून आधीपासून बनत असलेल्या प्रकारांनाही आवश्यक ठरली. हा निर्णय योग्यच होता. परंतु भारतातील समोरच्या धडकेची चाचणी युरोपीय धर्तीची आहे, म्हणजे पुढील मुलाची काळजी माणसाने घ्यावयाची, ही वाटणी त्यात गृहीत आहे. ती वाटणी माणसाला नीट सांगितली गेली आहे काय? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९४ ब हे कलम आले. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांचे आसन यांनी सुरक्षित केले नाही तर हजार रुपये दंड आहे. मूल पुढे बसवावे की मागे, आणि पुढे बसविल्यास एअरबॅगचे काय करावे, याविषयी ते कलम काही बोलत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅप या गुणांकन योजनेत दीड वर्षाच्या व तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे आहेत, पण ते मागील आसनांवर. शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, कारण मुलांची जागा तीच. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र मूल अनेकदा पुढे असते, आणि आसनात नव्हे, मांडीवर असते.

या सवयीची कारणे सहज समजण्यासारखी आहेत. घरात एकच मोटार, मागे आजीआजोबा, आत्या व सामान; उरलेली जागा पुढची. बाळंतीण माहेराहून सासरी निघते तेव्हा ‘मागे धक्के बसतात, पुढे बस’ असा सल्ला वडीलधारी माणसेच मायेने देतात. पाचसहा वर्षांच्या मुलाला समोरचा रस्ता पाहावयाचा असतो, आणि त्याचा हट्ट मोडवत नाही. मालवाहू छोट्या गाड्यांना तर मागची रांगच नसते. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात आईच्या मांडीवर बसलेली एक बालिका, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात नवी मुंबईत वाशी येथे पुढे बसलेला सहा वर्षांचा मुलगा, अशी दोन बालके अपघातात एअरबॅग उघडल्यानंतर दगावल्याच्या वार्ता वृत्तपत्रांनी छापल्या. दोन्ही घरांतील माणसांनी मुलाला जपण्यात काही उणे ठेवले असेल असे मानण्यास आधार नाही. ज्या साधनाचा धोका कोणी समजावून सांगितला नाही त्याच्यापुढे माया काय करणार?

तेव्हा एअरबॅग बंद करावी, असे सरसकट सांगून मोकळे व्हावे काय? येथे जपून बोलले पाहिजे. अशा वार्तांनंतर ‘स्विच बंद केला की झाले’ असा अर्धवट बोध घेतला जातो, आणि तो मूळ अज्ञानाइतकाच घातक आहे. दहा किलो वजनाचे मूल मांडीवर घेतले आहे आणि गाडी ताशी अठ्ठेचाळीस किलोमीटरने आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, असे मानून साधे गणित करावे. वेग सेकंदाला सुमारे साडेतेरा मीटर. तो इतक्या काळात शून्यावर यावयाचा तर गुरुत्वाच्या तेरा-चौदा पट मंदन होते, म्हणजे त्या क्षणी मूल आईच्या हातांना सुमारे १३५ किलोचे झालेले असते. जगातील कोणत्याही आईला ते धरवणार नाही. आईने पट्टा दोघांभोवती एकच घेतला असेल तर तिचा स्वतःचा भार मुलाला पट्ट्यावर दाबतो. एअरबॅग बंद असली तरी हे गणित तसेच राहते. मांडीवरच्या मुलासाठी स्विच चालू ठेवणेही चूक आणि बंद ठेवणेही चूक. चूक मांडीचीच आहे.

स्विचचे काम याहून मर्यादित आहे. त्या मर्यादेत मात्र ते अनिवार्य आहे. मागे तोंड असलेले अर्भकाचे आसन पुढे ठेवणे भागच असेल तर एअरबॅग बंद केल्यावाचून गाडी हलू नये. या नियमाला एकही अपवाद नाही. त्याहून मोठे मूल मागेच बसावे. अमेरिकेत तेरा वर्षांखालील मुलांनी, तर स्वीडनमध्ये एकशे चाळीस सेंटिमीटरहून कमी उंचीच्या मुलांनी, चालू एअरबॅगसमोर बसू नये असा सल्ला दिला जातो. या दोन मोजमापांत उंचीचे माप अधिक समंजस आहे, कारण पिशवीला जन्मतारीख कळत नाही. मागची जागाच नसेल तर पट्टा वा योग्य आसन, पुढील आसन मागे सरकवता येईल तितके मागे, आणि एअरबॅग बंद. मूल उतरले आणि तेथे प्रौढ माणूस बसला की स्विच पुन्हा चालू केलाच पाहिजे. विस्मरणाचे हे भय १९९७ च्या वादातही वारंवार मांडले गेले होते. बंद-दिव्याची अट त्याचसाठी होती, आणि तो दिवा जेथे चालकाच्या नजरेस पडेल तेथेच असावा.

प्रश्न असा की, हे सर्व करण्यास साधन हवे. भारतात विकल्या जाणाऱ्या काही गाड्यांत स्विच असतो, काहींत नसतो. कायद्याने प्रवाशाची एअरबॅग सक्तीची केली असेल तर ती बंद करण्याची सोय व तिचा दिवा हेही त्याच सक्तीचे अंग मानावयास हवे. किंमत वाढेल ही तक्रार येथे टिकणार नाही. एका किल्लीच्या छिद्राचा आणि एका लहान दिव्याचा हा खर्च आहे. मालवाहू एकरांगी गाड्यांच्या बाबतीत तर दिरंगाईस काहीच कारण नाही, कारण तेथे ‘मागे बसवा’ हा उपदेशच लागू पडत नाही. जेथे स्विच नाही तेथे कोपऱ्यावरच्या कारागिराकडून तारा तोडून घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. एअरबॅगच्या जोडणीत स्फोटक द्रव्य असते, आणि अशी तोडलेली गाडी पुढच्या मालकाला सारी सुरक्षित म्हणून विकली जाते. स्विच नसलेल्या गाडीत अर्भकाचे आसन पुढे ठेवूच नये, हे एकच उत्तर उरते.

इशाऱ्याची चिठ्ठी पुष्कळ गाड्यांत असते, प्रवाशाच्या बाजूच्या ऊन-झडपेवर. तीत एक चित्र, एक काट आणि इंग्रजी मजकूर असतो. ज्या घरात मुलांचे आसन कोणी पाहिलेलेच नाही त्या घराला त्या चित्रातील उलटी खुर्ची म्हणजे काय हे कळत नाही, आणि चित्रात मांडीवरचे मूल तर नसतेच. ती चिठ्ठी त्या त्या राज्याच्या भाषेत असावी, तीत आईच्या मांडीवरील मूलही काढलेले असावे, आणि गाडी हाती देताना विक्रेत्याने संगीताची कळ कोठे आहे हे दाखविण्याआधी हे दाखवावे. जुनी गाडी घेणाऱ्याजवळ बहुधा माहितीपुस्तिकाही नसते. त्याने गाडीचा डावा दरवाजा उघडून डॅशबोर्डच्या कडेला, आणि तेथे नसल्यास समोरच्या कप्प्यात, किल्ली जाईल असे लहान छिद्र आहे काय ते पाहावे.